पुष्पिकेंतील नांव आणि वाचकाचें नांव

वाशीम जिल्ह्यांतील कारंजें हें गांव दत्तभक्तांस श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून आणि व्यापाऱ्यांस कापसाची पेठ म्हणून ठाऊक आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकास तें तेथील जैन मंदिरांतल्या पोथ्यांमुळें ठाऊक असतें. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांच्या मंदिरांत शतकानुशतकें जपून ठेविलेल्या या धनाची वार्ता रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ सालच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीनें विद्वानांपर्यंत पोंचविली. पुढें डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९३१ सालीं 'जसहरचरिउ', आणि प्रा. हिरालाल जैन यांनीं १९३२ ते १९३४ या काळांत 'सावयधम्मदोहा', 'णायकुमारचरिउ', 'पाहुडदोहा' व 'करकंडचरिउ' हे ग्रंथ संपादून कारंजा ग्रंथमालेंतून प्रसिद्ध केले, तेव्हां अपभ्रंश भाषेचें एक दालनच अभ्यासकांस मोकळें झालें.

या पोथ्यांच्या शेवटीं जी पुष्पिका असते ती वाचण्यांत आम्हांस मूळ ग्रंथाइतकाच रस वाटत आला आहे. ग्रंथ कोणाचा, प्रत कोणत्या संवतांत व कोणत्या गांवीं झाली, त्या वेळीं गादीवर भट्टारक कोण होते, कोणत्या श्रावकानें वा श्राविकेनें द्रव्य वेंचून ती लिहविली, लिहिणारा कोण आणि ती अर्पण कोणास केली, हें अशा पुष्पिकांतून सांगितलेलें असतें. ज्ञानावर पडलेलें कर्माचें आवरण झिजावें या हेतूनें केलेलें तें शास्त्रदान. नक्कल करणें हें तेथें पुण्यकर्म होतें. नक्कल करणारा आपलें नांव लपवीत नसे, उलट हौसेनें लिहीत असे. मात्र नांवांच्या या दाटींत एक नांव आढळत नाहीं. ज्या मुनींस पोथी दिली त्यांचें नांव असतें. परंतु त्यांच्यामागून पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं ती सोडली, वाचली आणि पुन्हां बांधून ठेविली, ते वाचक निनांवीच राहिले. तीं नांवें टिपून ठेवावीं अशी गरजच कोणास भासली नाहीं.

आज नक्कल करणें हा अपराध झाला आहे, आणि अपराध्याचा माग काढतां काढतां वाचकाचेंही नांव टिपलें जाऊं लागलें आहे. ग्रंथचौर्याविरुद्धचा कायदा आणि वाचणाराचा खासगीपणा यांचा जो गुंता इंटरनेटमुळें उत्पन्न झाला आहे, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे. वाङ्मयाच्या मासिकांत कायद्याचें परीक्षण कशाला, असें कोणी विचारील. परंतु कायदा हाही शब्दांचाच बनलेला असतो. त्याच्या व्याख्या, त्याचे अपवाद आणि विशेषतः त्याचीं परंतुकें हीं एखाद्या कवितेइतक्याच बारकाईनें वाचण्याच्या योग्यतेचीं असतात. शिवाय हा कायदा आमच्याच पुस्तकांविषयीं आहे. तो वकिलांवर सोंपवून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं मोठी दुरुस्ती झाली. तींत 'हक्क-व्यवस्थापनाची माहिती' अशा बोजड नांवाची एक व्याख्या घातली आहे. ही माहिती म्हणजे काय? तर कृतीचें नांव, कर्त्याचें नांव, हक्कदाराचें नांव व पत्ता, उपयोगाच्या अटी, आणि या सर्वांचे निदर्शक असे अंक वा खुणा. अधिकार नसतां ती जाणूनबुजून पुसून टाकणाऱ्यास ६५ब या नव्या कलमानें दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. वाचकहो, ही कारंज्याची पुष्पिकाच नव्हे काय? आणि साम्य एवढ्यावर थांबत नाहीं. व्याख्येच्या अखेरीस कायदा मुद्दाम बजावतो कीं, वापरणाराची ओळख पटविण्याच्या हेतूनें योजलेलें कोणतेंही साधन वा पद्धति या माहितींत मोडत नाहीं. कर्त्याचें नांव संरक्षणास पात्र आहे. वाचकाचें नांव हुडकण्याची युक्ति पात्र नाहीं. नामनिर्देशाचा जो विवेक पुष्पिकेनें नकळत पाळला, तोच संसदेनें जाणून लिहून ठेविला.

६५अ हें कलम त्याहून स्पष्ट बोलतें. हक्कांच्या रक्षणासाठीं पुस्तकास, गाण्यास वा चित्रपटास जें यांत्रिक कुलूप घातलेलें असतें, तें हक्कभंगाच्या हेतूनें फोडणें हा त्या कलमान्वयें अपराध. परंतु त्याच्याच पोटांतील अपवादांत असें म्हटलें आहे कीं, वापरणाराची ओळख पटविण्यासाठीं किंवा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठीं योजलेल्या उपायांस चुकविण्यास आवश्यक तें करणें हा अपराध होणार नाहीं. खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत दिला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजीं; संसदेनें हीं वाक्यें लिहिलीं तीं त्यापूर्वीं पांच वर्षें. तीं कोणाच्या लेखणींतून उतरलीं असतील तीं असोत, त्या लेखणीस आमचें वंदन असो. मात्र त्याच ६५अ कलमांत एक परंतुकही आहे. त्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

एवढ्यावरून आम्ही ग्रंथचोरांची वकिली करावयास निघालों आहों असा समज कोणी करून घेऊं नये. एक नवी मराठी कादंबरी बाजारांत आल्यास महिनाही लोटला नसेल, तों तिची छायाप्रत आमच्या मोबाइलवर तीन निरनिराळ्या स्नेह्यांकडून येऊन थडकली. तिघेही सुशिक्षित, रसिक, आणि मराठी पुस्तकें खपत नाहींत म्हणून हळहळणारे! मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, लेखकाचें मनोगत सर्व जागच्या जागीं. इतकेंच नव्हे तर प्रकाशकाच्या परवानगीशिवाय या पुस्तकाचा कोणताही भाग छापूं नये, ही ताकीददेखील सुवाच्य उतरली होती. आम्हीं ती प्रत लागलीच पुसून टाकली असें सांगतां आलें असतें तर बरें झालें असतें. दोन प्रकरणें वाचलीं, मग शरम वाटून पुस्तक विकत आणलें.

राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसे'चे तीन अध्याय शब्दहरण व अर्थहरण यांच्या विवेचनास दिले आहेत. प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य, परपुरप्रवेशसदृश असे अर्थहरणाचे सूक्ष्म भेद त्यानें पाडले आहेत. याच राजशेखरानें काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह लाविला तो विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत, म्हणजे आजच्या वाशिमांत. तेव्हां चोरीची ही मीमांसा वाशीमकरांनीं घरच्या कार्यांतली मानावयास हरकत नाहीं! परंतु राजशेखराचा चोर वस्तु घेऊन धन्याचें नांव पुसतो. आजचा चोर धन्याचें नांव कायम ठेवून त्याची मजुरी बुडवितो. पहिल्यास रसिकांच्या सभेंत ओळखून लाजवितां येत असे. दुसऱ्यास लाजविण्यासारखें त्या प्रतींत कांहींच नसतें, म्हणून कायद्याची गरज. नक्कल न झाल्यानें काय हानि होते हेंही वत्सगुल्मास ठाऊक आहे. तेथील वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन याचें 'हरिविजय' हें प्राकृत काव्य आज नष्ट झालें आहे. आनंदवर्धन, कुंतक, भोज अशा साहित्यशास्त्रकारांनीं त्याचा उल्लेख केला म्हणून तें होतें एवढेंच कळतें. पण सर्वसेन राजा होता. त्यास पुस्तकाच्या विक्रीवर घर चालवावयाचें नव्हतें.

कायद्याची गरज मान्य केली तरी कायद्याचा संताप मान्य करतां येत नाहीं. महाराष्ट्रानें २००९ सालीं झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अंमली पदार्थांचे गुन्हेगार व धोकादायक व्यक्ति यांच्याकरितां असलेल्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यांत 'व्हिडिओ पायरेट' या प्राण्याची भर घातली. म्हणजे खटला न चालवितां त्यास वर्षापर्यंत डांबून ठेवण्याची सोय झाली. २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें कॉपीराइट कायद्याच्या ६३व्या कलमाखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला. अपराध जों जों थोर मानला जातो, तों तों त्याचा माग काढण्यासाठीं कोणाच्या घरांत किती डोकावावें याची भीड कमी होत जाते.

माग काढावयाचा तो बहुधा अनामिकाचा. प्रतिवादी कोण हें ठाऊक नसतांही त्याच्यावर दावा लावण्याची जी रीति आहे, तींत इंग्रजी मुलखांत त्या अज्ञातास जॉन डो म्हणतात. आपल्या न्यायालयांत त्याचें नांव अशोककुमार असें रूढ झालें आहे. (१९४३ च्या 'किस्मत' चित्रपटांत पाकीटमाराचें काम त्याच नांवाच्या नटानें केलें होतें, हा निव्वळ योगायोग समजावा.) चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वींच अशोककुमारावर मनाईहुकूम मिळवावयाचा आणि त्याच्या बळावर शेंकडों संकेतस्थळें बंद पाडावयाचीं, असा प्रघात पडला असतां २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं त्यास आळा घातला. सबंध संकेतस्थळें सरसकट बंद करण्याचें त्यांनीं नाकारिलें. प्रत्येक दुवा तपासून शपथेवर सांगा, आणि ज्याचें दार बंद होईल त्यास दाद कोठें मागावी हें त्या दारावरच लिहा, असें त्यांनीं सुनावलें. त्याच सुमारास बंद केलेल्या पानांवर अशी एक धमकी झळकूं लागली होती कीं, येथील मजकूर नुसता पाहणें हेंही तीन वर्षांच्या कैदेस पात्र आहे. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें न्यायमूर्तींनीं स्पष्ट केलें कीं, अपराध पाहण्यांत नसून परवानगीवांचून वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री वा भाड्यानें देणें यांत आहे. आमच्या विषयाचें सारें मर्म या एका भेदांत आहे. पाहणें हा अपराध ठरला, कीं पाहणाराचें नांव शोधणें हें पोलिसांचें कर्तव्य ठरतें. तो अपराध नसेल, तर त्याचें नांव विचारण्याचा अधिकारच कोणास उरत नाहीं.

यानंतरचा टप्पा दिल्लीचा. स्पर्धा-परीक्षांचीं पुस्तकें लिहिणाऱ्या नीतू सिंग या लेखिकेनें आपलीं पुस्तकें व व्याख्यानें टेलिग्रामवरील वाहिन्यांतून फुकट वा अल्प दरानें वांटलीं जात असल्याची तक्रार नेली. टेलिग्रामचें म्हणणें, आमची साठवण सिंगापुरांत आहे आणि तेथील कायदा वापरणारांचीं नांवें उघड करूं देत नाहीं. ३० ऑगस्ट २०२२ रोजीं न्यायमूर्ति प्रतिभा सिंग यांनीं हें म्हणणें अमान्य करून वाहिन्या चालविणारांचे दूरध्वनि क्रमांक, ई-मेल व आय. पी. पत्ते, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचा माग लावणारे अंक, मोहोरबंद लखोट्यांत सादर करण्याचा हुकूम केला. नोव्हेंबरांत माहिती आली. ती वादींच्या वकिलांस मिळाली, इतर कोणास दाखविण्याची मनाई झाली, मात्र सरकार व पोलीस यांस देण्याची मोकळीक राहिली.

या निकालावर खासगीपणाच्या कित्येक कैवाऱ्यांनीं टीका केली. आमच्या मतें ती टीका अंशतः गैर आहे. वाहिनी चालविणारा हा वाचक नव्हे. तो या युगाचा छापखानेवाला आहे, आणि छापणाराचें नांव पुस्तकावर असलें पाहिजे ही अपेक्षा जुनीच आहे. आम्हांस जी चिंता वाटते ती दुसऱ्याची. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर अशा गांवच्या अभ्यासिकांत बसून एम. पी. एस. सी.ची तयारी करणारा जो मुलगा त्याच जातीच्या एखाद्या वाहिनीचा सभासद आहे, त्याची. २०१८ सालीं केंद्र सरकारनें ज्यांस आकांक्षी जिल्हे असें गोंडस नांव दिलें त्यांत वाशीम आहे, आणि तेथील आकांक्षा बऱ्याच अंशीं याच परीक्षांवर लागलेल्या असतात. पुस्तकांचे संच महाग, खोलीचें भाडें वेगळें, आणि मोबाइलवर सर्व कांहीं फुकट. तो चुकतो हें खरें. पण तो प्रत करीत नाहीं, विकीत नाहीं, तो वाचतो. वाहिनीच्या चालकाचा क्रमांक ज्या वहींतून निघाला, त्याच वहींत या मुलाचाही क्रमांक आहे. आणि उद्यां तीच मुलगी वा मुलगा सरकारी नोकरीसाठीं उभा राहील, तेव्हां ती वही कोणाच्या हातीं असेल?

येथें प्रामाणिकपणें एक अडचण सांगितली पाहिजे. टॉरेंट नांवाच्या पद्धतींत वाचणारा आणि वांटणारा हा भेद डळमळतो. तेथें जो उतरून घेतो तोच, उतरून घेत असतांना, आपल्याजवळचे तुकडे इतरांस पुरवीत असतो. आणि मेळ्यांतील प्रत्येकाचा आय. पी. पत्ता प्रत्येकास दिसतो, म्हणून हक्कदारांचे हेर त्यांतच मिसळून याद्या करतात. परंतु तो पत्ता ज्याच्या नांवावर जोडणी आहे त्याचा. एका वाड्यांत पांच बिऱ्हाडें एका जोडणीवर असतील, तर यादींत नांव येईल तें घरमालकाचें! फ्रान्सनें २००९ सालीं अशा याद्यांवरून दोन वेळां ताकीद देऊन तिसऱ्या वेळीं जोडणी तोडण्याची यंत्रणा काढली. त्याच वर्षीं १० जूनला तेथील घटना-परिषदेनें, जोडणी तोडण्याचा अधिकार न्यायाधीशावांचून कोणास देतां येणार नाहीं असें ठरविलें. पुढें ३० एप्रिल २०२४ रोजीं युरोपीय न्यायालयानें अंकांवरून नांवें काढण्यास मुभा दिली, पण हे अंक माणसाच्या इतर माहितीपासून कडेकोट वेगळे ठेवण्याची अट घालून. आपल्याकडे अशी अट नाहीं. उलट २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत, एखादा कायदेशीर हक्क वा दावा बजावण्यासाठीं लागणाऱ्या माहितीस पुष्कळशा बंधनांतून सूट लिहून ठेविली आहे. आणि संगणक-सुरक्षेच्या नांवाखालीं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें, ओळख झांकणाऱ्या व्ही. पी. एन. सेवा पुरविणारांनीं ग्राहकांचीं नांवें, पत्ते व अंक पांच वर्षें जपून ठेवावे असें फर्माविलें आहे.

ग्रंथपाल म्हणतील, वाचकाचें नांव आम्हीही लिहितोंच कीं. सभासदाचा क्रमांक, पुस्तक नेल्याचा दिवस, परत आणल्याचा दिवस. आक्षेप खरा आहे. परंतु ग्रंथालयाची देवघेवीची वही पुस्तक परत येईपर्यंतच्या जामिनापुरती असते. तें आलें कीं रकान्यांत रेघ पडते, आणि वही भरली कीं ती कपाटावर धूळ खाते. पुस्तकाचें कितवें पान कोणत्या रात्रीं किती वेळ उघडें होतें, हें तिला कळत नाहीं. आजच्या कुलूपबंद ई-पुस्तकास कळूं शकतें. गंमत ही कीं, चोरीची प्रत वाचणारावर विक्रेत्याची नजर नसते. असते ती पैसे मोजून पुस्तक घेणारावर. २००५ सालीं सोनी बी. एम. जी. कंपनीनें गाण्यांच्या तबकड्यांतून ग्राहकांच्या संगणकांत छुपी आज्ञावली घुसविल्याचें उघडकीस आलें. ज्यांच्या संगणकांत ती शिरली ते सर्व तबकडी विकत घेणारे होते. २००९ च्या जुलैंत अॅमेझॉननें विकलेल्या ई-पुस्तकाच्या कांहीं प्रती हक्काच्या वादावरून ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. तें पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचें '१९८४' असावें हा नियतीचा विनोद. प्रामाणिक वाचक किंमत देतो, आणि वर आपलें नांवही देतो.

आतां तें परंतुक. २०१२ च्या दुरुस्तीनें ५२व्या कलमांत एक उदार तरतूद केली. अंध वा अन्य अपंग वाचकांस वाचतां येईल अशा स्वरूपांत ग्रंथाची प्रत करणें, नफा न घेतां असेल तर, हा हक्कभंग नव्हे. वाशिमांतील एखाद्या शिक्षकानें आपल्या अंध विद्यार्थ्यासाठीं ई-पुस्तकाचें कुलूप काढून तें मोठ्यानें वाचणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन केलें, तर कायद्यानें निषिद्ध नसलेल्या हेतूनें केलेलें कृत्य म्हणून ६५अ कलम त्यास दोष देत नाहीं. मात्र परंतुक म्हणतें कीं, दुसऱ्याकरितां असें कुलूप काढण्यास जो साहाय्य करील त्यानें त्या दुसऱ्याची पुरी नोंद ठेविली पाहिजे. त्याचें नांव, पत्ता, ओळख पटविण्यास लागणारा सर्व तपशील, आणि हेतु. नोंद किती वर्षें ठेवावी हें त्या कलमांत सांगितलेलें नाहीं. ती कोणास दाखवावी आणि कोणापासून राखावी, हेंही नाहीं. डोळस वाचकास हवें तें पुस्तक दुकानांतून रोख पैसे टाकून, नांव न सांगतां घरीं नेतां येतें. त्याच पुस्तकापायीं त्या अंध मुलाचें नांव, पत्ता आणि हेतु शिक्षकाच्या वहींत उतरून राहतात.